आधी नोंदी दुरुस्त करा, मग कुलूप लावा

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
केंद्रीय विश्वस्त मंडळ,
कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

13 ऑक्टोबर 2025 च्या बैठकीत आपण पीएफमधून पैसे काढण्याचे नियम बदलायचं ठरवलं. पूर्वीची 13 कारणं तीन गटांत आणली, सेवेची अट 12 महिन्यांवर आणली, शिक्षणासाठी दहा वेळा आणि लग्नासाठी पाच वेळा रक्कम काढायची मुभा दिली. एवढं सगळं चांगलंच झालं. पण त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी ठरल्या. नोकरी सुटल्यावर खातं पूर्ण रिकामं करायला आधी दोन महिने थांबावं लागायचं, आता 12 महिने. पेन्शनच्या खात्यातली रक्कम काढायला आधी दोन महिने, आता 36 महिने. पूर्ण रक्कम काढेपर्यंत खात्यात 25 टक्के रक्कम कायम राहिली पाहिजे, हेही ठरलं. हे पत्र या निर्णयांबद्दल आहे, आणि त्यांच्याआधी जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही, त्याबद्दल जास्त आहे.

पगारपत्रकं तयार करणं, दर महिन्याच्या 15 तारखेच्या आत पीएफचा भरणा करणं आणि नोकरी सोडून गेलेल्या मुलामुलींचे अडकलेले क्लेम सोडवायला मदत करणं, हे माझं रोजचं काम आहे. ज्यांचे क्लेम अडकतात ते बहुतेक पंचविशी-तिशीतले असतात, दुसऱ्या किंवा तिसऱ्या नोकरीत. खाली लिहिलेल्या काही चुका आमच्यासारख्यांच्या टेबलावरच होतात. त्यामुळे त्या कशा होतात, हे मला नीट माहीत आहे.

आपला हेतू मला मान्य आहे. अंतिम क्लेमच्या वेळी निम्म्या सदस्यांच्या खात्यात 20 हजारांपेक्षाही कमी रक्कम असते, असं सरकारनेच सांगितलं आहे. ही गोष्ट खरोखर चिंतेची आहे. 15,000 रुपयांच्या मूळ पगारावर कर्मचाऱ्याचे 1,800 आणि मालकाच्या 1,800 पैकी पेन्शनचे 1,250 वजा जाता उरलेले 550, असे महिन्याला 2,350 रुपये पीएफ खात्यात पडतात. दोन वर्षांत व्याजासह सुमारे 61 हजार होतात. ही रक्कम हात न लावता 35 वर्षं राहिली आणि 8.25 टक्के दर टिकला, तर साडेनऊ लाखांच्या वर जाते. शिवाय पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी 50 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम काढली की 10 टक्के टीडीएस कापला जातो, पॅन जोडलेला नसेल तर 20 टक्के. म्हणजे या 61 हजारांतले सहा हजार हातात येण्याआधीच जातात. पैसे काढण्यात तोटा आहे, हे मी रोज समोर बसलेल्याला सांगतो.

तरीही मुलं पैसे काढतात. त्यांना उद्याची काळजी नाही म्हणून काढतात, असं आपण धरून चालला आहात असं वाटतं. माझ्यासमोर येणाऱ्यांचं कारण निराळं असतं. जुन्या कंपनीतला पीएफ नव्या कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर करायचा प्रयत्न त्यांनी आधी केलेला असतो. तो एकदा फेटाळला जातो, दोनदा फेटाळला जातो, आणि मग कोणीतरी सांगतं, ‘कशाला डोकं लावतोस, काढून टाक.’ पीएफ काढून देतो म्हणत टक्केवारी घेणारे एजंट याच वैतागावर जगतात. पैसे बाहेर जाण्याचं मोठं कारण सदस्यांच्या नोंदींत आहे. आपण मात्र त्या नोंदी तशाच ठेवून दाराला कुलूप लावत आहात.

एक्झिट डेट

नोकरी सोडल्याची तारीख जुन्या कंपनीने पोर्टलवर भरायची असते. ती भरली नाही तर ट्रान्सफर पुढे सरकत नाही. आपोआप ट्रान्सफरची सोय आहे खरी, पण जुनं खातं उघडंच दिसत असेल तर तिचा उपयोग होत नाही. शेवटच्या भरण्यानंतर दोन महिने उलटले की सदस्याला ‘मॅनेज’ मध्ये जाऊन ‘मार्क एक्झिट’ करून ती तारीख स्वतः टाकता येते. हे किती जणांना माहीत असतं? ज्याला माहीत असतं त्याचाही आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू लागतो. पहिल्या नोकरीच्या वेळचं सिमकार्ड बंद झालं असेल तर आधी आधार केंद्राची रांग.

तारीख भरली पण चुकीची भरली, तर आणखी घोळ. अनेक कंपन्यांत हजेरीचा महिना 21 ते 20 किंवा 26 ते 25 असा धरतात. मुलगा 24 तारखेला सुटतो, 27 ला नव्या ठिकाणी रुजू होतो. पगारपत्रक करणारा सवयीने महिनाअखेरची तारीख टाकतो. झालं, दोन नोकऱ्या चार दिवस एकमेकींवर चढल्या. अशा ओव्हरलॅपमुळे ट्रान्सफर फेटाळू नये, अशी सूचना आपण मे 2025 मध्ये दिलीत, त्याबद्दल आभार. पण मग चार दिवसांचा ओव्हरलॅप तारीख भरतानाच पोर्टलने का दाखवू नये? दोन्ही नोकऱ्या एकाच यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकावर असतात. पुढची रुजू तारीख यंत्रणेला दिसत असते.

नाव

हा प्रश्न दिल्लीत बसून कळणं अवघड आहे, म्हणून सविस्तर लिहितो. महाराष्ट्रात दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं नाव आधी असतं आणि आडनाव शेवटी. पॅनवर कधी मधलं नाव असतं, कधी नुसतं आद्याक्षर. नोकरीवर घेताना एचआरने यांतला कोणता कागद समोर ठेवला, त्यावर पीएफमधलं नाव ठरतं. मग स्पेलिंग. ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत कोणी डी-एन-वाय ने सुरू करतो, कोणी जी-वाय ने. गायकवाडमध्ये एक ‘ए’ जास्त पडला की यंत्रणेसाठी तो दुसराच माणूस.

मुलींचं तर विचारूच नका. लग्नानंतर आमच्याकडे नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं. वडिलांच्या जागी नवरा येतो. तीनपैकी दोन शब्द बदलले की ती किरकोळ दुरुस्ती राहत नाही. आधार बदललं, बँक खातं बदललं, पीएफ मात्र माहेरच्या नावावर. 25 व्या वर्षी सोडलेल्या नोकरीचे पैसे तिला 30 व्या वर्षी हवे असतात, आणि तिच्याकडे जुन्या कंपनीतल्या कोणाचा नंबरही उरलेला नसतो.

जानेवारी 2025 पासून, ज्यांचा यूएएन 1 ऑक्टोबर 2017 किंवा त्यानंतरचा आणि आधारशी पडताळलेला आहे, त्यांना नाव, जन्मतारीख, रुजू आणि एक्झिट तारीख घरबसल्या दुरुस्त करता येते. गेल्या अनेक वर्षांत आपण केलेलं हे सगळ्यात उपयोगी काम आहे. त्याआधीचा यूएएन असेल तर मात्र जॉइंट डिक्लरेशनला, म्हणजे सदस्य आणि मालकाच्या एकत्रित दुरुस्ती अर्जाला, जुन्या मालकाची मंजुरी लागते. मालक नांदता असेल तर ठीक. कंपनी बंद पडली असेल, कंत्राटदार गायब झाला असेल, तर तो अर्ज कोण मंजूर करणार? 2015 मध्ये आयटीआय करून लागलेला मुलगा आज तिशीत आहे. त्याच्याच पहिल्या नोकरीचे पैसे या फटीत पडलेले आहेत.

एका वेळी एकच त्रुटी

क्लेम फेटाळताना कारण एका ओळीत येतं. ‘नावात तफावत.’ महिना घालवून नाव दुरुस्त केलं की दुसऱ्या वेळी ‘एक्झिट डेट नाही.’ ती भरली की तिसऱ्या वेळी ‘आधीच्या सेवेचा तपशील नाही.’ तिन्ही गोष्टी पहिल्या दिवशीही फाइलमध्ये होत्या. पहिल्याच तपासणीत सगळ्या त्रुटी सांगाव्यात, तोच क्लेम पुन्हापुन्हा वेगळ्या कारणाने परत पाठवू नये, अशी सूचना आपल्याच मुख्यालयाने क्षेत्रीय कार्यालयांना दिलेली आहे. ती पाळली जात नाही. योजनेच्या नियमांत क्लेम 20 दिवसांत निकाली काढायचं बंधन आहे. पण क्लेम फेटाळणं म्हणजेही निकाल, आणि नवा अर्ज आला की 20 दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. सदस्याचे तीन महिने गेले, कार्यालयाचा हिशोब मात्र वेळेत.

चुकून भरलेलं पेन्शन

ही सगळ्यात कमी बोलली जाणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. 1 सप्टेंबर 2014 नंतर जो पहिल्यांदा पीएफचा सदस्य झाला आणि रुजू होतानाच ज्याचा पीएफसाठीचा पगार 15,000 पेक्षा जास्त होता, तो पेन्शन योजनेचा सदस्य होऊ शकत नाही. मालकाचा पूर्ण हिस्सा त्याच्या पीएफ खात्यातच जायला हवा. हिंजवडीत किंवा खराडीत पहिली नोकरी लागलेली कितीतरी मुलं या गटात मोडतात. पण पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये पेन्शनच्या 8.33 टक्क्यांची टिकमार्क आधीपासून असते, ती कोणी काढत नाही, आणि महिन्याला 1,250 रुपये पेन्शनकडे जात राहतात. सात वर्षांत 1,05,000 रुपये. पेन्शन खात्यातल्या रकमेवर सदस्याच्या नावावर व्याज जमा होत नाही.

ही चूक उघडी पडते ती नोकरी बदलल्यावर. नव्या कंपनीने नियम पाळून पेन्शन बंद ठेवलं की जुन्या आणि नव्या नोंदी जुळत नाहीत. मग जुन्या मालकाने चूक मान्य करून नोंद दुरुस्त करायची आणि रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात हलवायची. सात वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलासाठी हे काम कोणती कंपनी तातडीने करते?

उलटा प्रकारही होतो. मुलगा 2019 मध्ये 14,000 वर लागला, पेन्शनचा सदस्य झाला, नंतर दुसऱ्या कंपनीत 30,000 वर गेला. तिथला एचआर म्हणतो, ‘पगार 15 हजारांच्या वर आहे, पेन्शन नाही.’ चूक! एकदा सदस्य झालेला पगार वाढला तरी सदस्यच राहतो. पेन्शन मिळायला लागणाऱ्या दहा वर्षांच्या सेवेतली त्याची वर्षं गळतात आणि ते त्याला 58 व्या वर्षी कळतं.

हे सगळं संगणक ओळखू शकतो. दर महिन्याच्या भरण्याच्या फाइलमध्ये पीएफसाठीचा पगार आणि पेन्शनसाठीचा पगार वेगवेगळ्या रकान्यांत असतात. माणूस पहिल्यांदा सदस्य कधी झाला, हे यूएएनवरून कळतं. फाइल अपलोड होतानाच चूक अडवता येते. आपण ती स्वीकारता, पैसे घेता, आणि दहा वर्षांनी सदस्याला कागद मागता.

कंत्राटी कामगार

चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी. गेट तेच, मशीन तेच, कंत्राटदार मात्र दर काही महिन्यांनी नवा. मुलाच्या पासबुकात तीन वर्षांत चार मेंबर आयडी, म्हणजे प्रत्येक मालकाकडचे वेगळे खाते क्रमांक दिसतात. प्रत्येकात थोडेथोडे पैसे, दोन ठिकाणी एक्झिट डेट नाही, एका ठिकाणी पगारातून कापलेली पण न भरलेली तीन महिन्यांची रक्कम. कंत्राटदारामार्फत लावलेल्या कामगारांच्या भरण्याची जबाबदारी मूळ मालकाचीही आहे, हे नियमात स्पष्ट आहे. पण कामगाराला ते सांगायला कोणी नसतं, आणि मूळ मालकाच्या गेटवर त्याला आत सोडत नाहीत. कापलेली रक्कम न भरणं हा फौजदारी विश्वासघात आहे. तो झाल्याचं त्या मुलाला दोन वर्षांनी पासबुक उघडल्यावर कळावं, हे बरोबर नाही. भरणा झाला की आपण एसएमएस पाठवता. झाला नाही, तर कोणी काही बोलत नाही.

आता कुलपाकडे येतो.

बेरोजगार झाल्यावर 75 टक्के रक्कम लगेच काढता येईल, असा खुलासा आपण केला आहे. पूर्वी त्यासाठी महिनाभर थांबावं लागायचं, म्हणजे एवढ्यापुरती सुधारणाच. नोकरकपात, स्वेच्छानिवृत्ती, कायमचं अपंगत्व किंवा कायमचा देश सोडणं यांसाठी पूर्ण रक्कम मिळेल, असंही म्हटलं आहे. पण या यादीत बसतो कोण, ते बघा. ठरावीक मुदतीचं कंत्राट संपलं आणि ते वाढवलं नाही, तर कायद्याच्या भाषेत ती नोकरकपात नसते. आयटीत माणसं कमी करायची असतात तेव्हा खोलीत बोलावून राजीनामा लिहून घेतात, म्हणजे कागदावर तीही नोकरकपात नाही. ज्यांची नोकरी खरोखर त्यांच्या इच्छेविरुद्ध जाते, तेच दोन मोठे गट आपल्या सवलतीच्या बाहेर राहतात.

या गटांना दुसरा आधारही फारसा नाही. ईएसआयसीच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत 90 दिवसांपर्यंत निम्मा पगार मिळतो, पण 21,000 च्या वर पगार गेला की माणूस ईएसआयसीच्याच बाहेर. 35 हजार पगार, पुण्यात भाड्याची खोली, गाडीचा हप्ता आणि गावाकडे पाठवायचे पैसे असलेल्याच्या हाती बेरोजगारीत पीएफ सोडून काही नसतं. वरच्या उदाहरणातल्या 61 हजारांतले 25 टक्के म्हणजे सुमारे 15 हजार. निवृत्तीच्या हिशोबात ही रक्कम लहान आहे. नोकरी गेलेल्या चौथ्या महिन्यात ती दोन महिन्यांचं खोलीभाडं असते.

पेन्शनच्या 36 महिन्यांचं तर मला समर्थनच सापडत नाही. दहा वर्षं पूर्ण होण्याआधी नोकरी सोडणाऱ्याला मिळणारी रक्कम त्याच्या सेवेच्या काळावरून आणि शेवटच्या पगारावरून, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे निघते. तीन वर्षं थांबल्याने त्यात एक रुपयाही वाढत नाही. सेवेची वर्षं जपायला लावायची असतील, तर स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे पैसे न काढता आजवरची सेवा पुढे जोडण्यासाठीचं प्रमाणपत्र, हा चांगला मार्ग आधीपासून आहे. पेन्शनची रक्कम काढायच्या 10-सी फॉर्ममध्ये तो पर्याय आहे, पण पैसे काढले की आजवरची सेवा शून्य होते, हे तिथे ठळक मराठीत कुठेही लिहिलेलं नाही. लोक रकमेच्या चौकटीवर टिक करतात आणि सहा वर्षांची सेवा एका क्लिकमध्ये जाते. ज्याला नीट माहिती दिलेली नाही, त्याला तीन वर्षं अडवून ठेवणं हे शिक्षण नव्हे.

हे पत्र नोकरी करणाऱ्या तरुणांनीही वाचावं म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. दर महिन्याच्या 20 तारखेनंतर पासबुक उघडून मागच्या महिन्याचा भरणा आला का, ते पाहा. नोकरी सोडण्याआधीच आधार, पॅन आणि पीएफमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, कारण तोपर्यंत एचआर तुमचा फोन उचलतो. शेवटच्या महिन्याची पगारस्लिप आणि रिलीव्हिंग लेटर मोबाइलमध्ये नाही, ईमेलमध्ये ठेवा. नव्या कंपनीत पीएफचा फॉर्म 11 भरताना जुना यूएएन लिहा, नवा काढू देऊ नका. पहिली नोकरी 15 हजारांवरच्या पीएफ-पगारावर लागली असेल आणि पासबुकातल्या पेन्शनच्या रकान्यात 1,250 दिसत असतील, तर आजच लेखी विचारा. आणि तीन वर्षं भरणा झाला नाही की व्याज बंद होतं, हे खरं नाही. तरुण सदस्याच्या जुन्या खात्यावर व्याज चालू राहतं, त्यामुळे घाबरून पैसे काढू नका.

विश्वस्त मंडळाकडे माझ्या मागण्या अशा:

1. खालच्या चार मागण्या पूर्ण होईपर्यंत 12 महिन्यांची आणि 36 महिन्यांची मुदत लागू करू नये. लागू करायचीच असेल तर मुदतीचं कंत्राट संपलेल्यांना आणि भरणा थांबून तीन महिने झालेल्या प्रत्येकाला, राजीनाम्याचा कागद न बघता, त्यातून वगळावं.

2. 1 ऑक्टोबर 2017 पूर्वीच्या यूएएनधारकांनाही आधार आणि चेहरा पडताळणीवर नाव व तारखा स्वतः दुरुस्त करू द्याव्यात. मालक 15 दिवसांत उत्तर देत नसेल तर क्षेत्रीय कार्यालयाने पगारस्लिप आणि बँकेच्या नोंदीवर निर्णय द्यावा. लग्नानंतरच्या नावबदलासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि आधार एवढंच पुरेसं धरावं.

3. भरण्याची फाइल स्वीकारतानाच पेन्शनची पात्रता आणि तारखांचा ओव्हरलॅप तपासावा. आजवर चुकून भरलेलं पेन्शन सदस्याने अर्ज करायची वाट न बघता शोधून काढावं आणि व्याजासह पीएफ खात्यात टाकावं.

4. क्लेम फेटाळताना सगळ्या त्रुटी एकाच वेळी, मराठीत, प्रत्येकीच्या उपायासह द्याव्यात. दुसऱ्यांदा नव्या कारणाने फेटाळलेला क्लेम आपोआप वरच्या अधिकाऱ्याकडे जावा आणि 20 दिवस पहिल्या अर्जापासून मोजावेत.

5. 16 तारखेपर्यंत भरणा झाला नाही तर सदस्याला एसएमएस जावा. तो कंत्राटी असेल तर मूळ मालकालाही जावा.

यातल्या तिसऱ्या आणि पाचव्या मागणीसाठी नियम बदलावा लागत नाही. लागणारी सगळी माहिती आपल्याच सर्व्हरवर आहे. या दोन्ही कधीपर्यंत होतील, ती तारीख आपण पुढच्या बैठकीच्या कार्यवृत्तात नोंदवावी, ही विनंती.

आपला,
पगारपत्रक विभागातला एक कर्मचारी
पुणे